घर कधी 'रॉब' होत नाही

गावाहून परतावं तर कडी-कोयंडा तुटलेला, कपाट उचकटलेलं. अशा वेळी इंग्रजीतून बोलणारा हमखास म्हणतो, 'घर रॉब झालं'. कायद्याच्या इंग्रजीत हे चूक. घरात कुणी नव्हतं, कुणावर बळजबरी झाली नाही, म्हणून ती 'बर्गलरी'. 'रॉबरी' व्हायला समोर माणूस लागतो. आपल्या ठाण्यातला हवालदार इथे गोंधळत नाही. त्याच्या लेखी एक घरफोडी, दुसरी जबरी चोरी.

'रॉब' हा शब्द मुळातच माणसाला चिकटलेला. अंगावरचा 'रोब', म्हणजे झगा, आणि हा 'रॉब' एकाच मुळातून आले. लूट म्हणजे अंगावरचे कपडेसुद्धा.

'बर्गलरी'ला मात्र घड्याळ लागायचं. जुन्या इंग्रजी कायद्यात राहतं घर आणि तेही रात्री फोडलं, तरच बर्गलरी. तेच दिवसाढवळ्या केलं तर 'हाउसब्रेकिंग'. रात्र कुठून कुठपर्यंत? 1916च्या कायद्याने सांगून टाकलं: रात्री 9 ते सकाळी 6. ही अट 1968च्या 'थेफ्ट ॲक्ट'ने काढली. त्याच कायद्याने 'लार्सनी' हा जुना शब्द मोडीत काढून 'थेफ्ट' आणला. या लार्सनीचेही पूर्वी थोरली आणि धाकटी असे दोन प्रकार होते. सीमारेषा 12 पेन्सची, आणि तिच्यापलीकडे फाशीची टांगती तलवार. हा भेद 1827 साली गेला.

भारतासाठी मेकॉलेच्या आयोगाने 1837मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा लार्सनी आणि बर्गलरी हे शब्द बाहेरच ठेवले. पण 1860च्या संहितेत एक देशी शब्द आला: 'डकॉइटी', म्हणजे आपली डकैती. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. त्यामुळे तिघांनी पिस्तूल दाखवून बँक लुटली आणि मथळ्यात 'दरोडा' छापून आलं, तरी कलम जबरी चोरीचंच लागतं. फरक नुसता शब्दाचा नाही. जबरी चोरीला साधारण 10 वर्षांपर्यंत कैद, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत.

संहितेतलं एक उदाहरण मला फार आवडतं. कुणी सांगतं, तुझं पोर आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, 10 हजार रुपये पाठव, नाहीतर ते मरेल. ही 'एक्स्टॉर्शन', आपली खंडणी. रॉबरी नव्हे. पण पोर आत्ता, या क्षणी मारलं जाईल अशी भीती घातली, तर मात्र रॉबरी.

सोनसाखळी हिसकावून मोटारसायकलवरून पळणारा नेमका कुठे बसवायचा, यावर न्यायालयांत बरीच वर्षं खल चालला: नुसती चोरी की जबरी चोरी? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने त्यासाठी 'स्नॅचिंग' हा वेगळाच गुन्हा केला. कमाल कैद मात्र साध्या चोरीइतकीच, 3 वर्षं.