‘घरात बंदूक आहे का?’ : डॉक्टरांच्या एका प्रश्नामागचा इतिहास

अमेरिकेत मुलाला नेहमीच्या तपासणीसाठी नेलं की वजन-उंची होते, लस टोचली जाते आणि मग डॉक्टर किंवा नर्स काही ठरावीक प्रश्न विचारतात. गाडीत कार सीट, म्हणजे लहान मुलाला बांधून बसवायची खास खुर्ची, आहे का? औषधं मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवता का? त्याच ओघात येतं, ‘घरात बंदूक आहे का? असल्यास कुलपात असते का?’ तिकडे नव्याने गेलेले मराठी आईबाप हा प्रश्न ऐकून दचकतात. आपण काय गुन्हेगार आहोत, असंही काहींना वाटून जातं. पण हा प्रश्न कुणावर संशय घेऊन विचारत नाहीत, आणि तो विचारण्याचा हक्क टिकवायला डॉक्टरांना कोर्टाची पायरी चढावी लागली आहे.

घरातल्या धोक्यांबद्दल बोलणं हे बालरोगतज्ज्ञांचं जुनंच काम. औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणं लावण्याचा कायदा १९७० चा. लहान मुलांना गाडीत कार सीट सक्तीची करणारं पहिलं राज्य टेनेसी, १९७८ पासून. त्यासाठी पाठपुरावा केला तो रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञानेच. बंदुकीचा विषय याच वाटेने आला. १९९२ मध्ये ‘अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट भूमिका घेतली : मुलं असलेल्या घरात बंदूक नसणं हेच सर्वांत सुरक्षित.

सल्ला बरोबर होता, पण बंदूक बाळगणाऱ्या घरांत तो फारसा मानला गेला नाही. त्यात १९९६ मध्ये ‘डिकी दुरुस्ती’ आली. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने बंदूक-नियंत्रणाची बाजू मांडण्यासाठी पैसा वापरायचा नाही, अशी अट अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) घातली आणि संस्थेचे २६ लाख डॉलरही दुसऱ्या कामाकडे वळवले. भीतीपोटी या विषयावरचं सरकारी संशोधनच जवळजवळ थांबलं. नव्याने पैसे मंजूर व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात किती मुलं गेली, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तरी काही डॉक्टर काम करत राहिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अटलांटातला एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे २९ छोटे गट. प्रत्येक गटाला एका खोलीत थोडा वेळ सोडलं. ड्रॉवरमध्ये दोन पाण्याची पिस्तुलं आणि एक खरं पिस्तूल, अर्थात गोळी उडणार नाही असं केलेलं. काचेपलीकडून संशोधक बघत होते. २१ गटांना खरं पिस्तूल सापडलं, १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कुणी ना कुणी घोडा दाबला. ज्यांनी हात लावला त्यांच्यातल्या बहुतेकांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. मुलाला समजावलं की झालं, हा आईबापांचा भरवसा इथे कोसळतो. समुपदेशन मुलाचं नाही, मोठ्यांचं हवं.

मोठ्यांना सांगायचं काय, हे २००५ च्या एका अभ्यासाने नेमकं केलं. बंदूक रिकामी, बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या जागी, गोळ्याही कुलपात. या चारही सवयींचा संबंध मुलांचे अपघात आणि किशोरांच्या आत्महत्या कमी असण्याशी दिसला. आत्महत्येचा विचार पुष्कळदा एखाद्या वाईट घटकेपुरता असतो. त्या घटकेला कपाट बंद असेल तर जीव वाचू शकतो. म्हणून भूमिका बदलली. ‘बंदूक काढून टाका’ एवढंच न म्हणता ‘ठेवणारच असाल तर अशी ठेवा’ हेही डॉक्टर सांगू लागले. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की सल्ल्यासोबत केबल लॉक फुकट हातात दिलं तर लोक ते वापरतात. वस्तू साधीच : पिस्तुलाचं मॅगझिन काढायचं, सायकलच्या कुलपासारखी तार आतून ओवायची आणि कुलूप लावायचं, मग गोळी भरताच येत नाही.

खरा संघर्ष फ्लोरिडात झाला. मुलांच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणाऱ्या मोठ्यांना जबाबदार धरणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८९ मध्ये केला होता. पण २०११ मध्ये, ओकाला गावातल्या एका आईने बंदुकीच्या प्रश्नाचं उत्तर नाकारल्याचं प्रकरण गाजल्यावर, डॉक्टरांनी गरजेशिवाय हा प्रश्न विचारू नये असा कायदा तिथे झाला. दंड दहा हजार डॉलरपर्यंत, डॉक्टरकीच्या परवान्यावरही टांगती तलवार. डॉक्टर कोर्टात गेले. निकाल उलटसुलट लागत राहिले आणि अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘अकरावं सर्किट’ या, फ्लोरिडा ज्याच्या कक्षेत येतं त्या, केंद्रीय अपील न्यायालयाने ही बंदी भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या १ ते १९ वयोगटाच्या मृत्यूंत बंदुकीने वाहन-अपघातांना मागे टाकलं. तेव्हापासून मुलांच्या रुग्णालयांत हा विषय अधिकच पुढे आला. सिअॅटलचं ‘सिअॅटल चिल्ड्रन्स’ तर त्याआधीपासूनच लॉक बॉक्स, म्हणजे बंदूक ठेवायची कुलपाची पेटी, फुकट वाटतं आणि ती कशी वापरायची तेही दाखवतं.

आता सल्ल्यात दुसऱ्यांची घरंही आली आहेत. मुलगा मित्राकडे खेळायला जाणार असेल तर त्याच्या अॅलर्जीबद्दल आपण सांगतो, त्यांच्याकडे कुत्रा आहे का विचारतो. त्याच दमात बंदुकीचंही विचारा, असं डॉक्टर सांगतात; २००० पासून त्यासाठी खास मोहीमही चालते. मराठी माणसाला हे विचारताना भीड वाटते, ते स्वाभाविक आहे. तरी विचारावं. घरात बंदूक असणाऱ्यांना हा प्रश्न नवा असेलच असं नाही. त्यांच्या डॉक्टरांनी तो त्यांनाही विचारलेला असू शकतो.