टिपाडातला विस्तव

आमची आजी रात्री जेवणं आटोपली की चुलीतले दोन-तीन जाड निखारे राखेखाली दाबून ठेवायची. पहाटे राख बाजूला सारली की आत विस्तव जिवंत असायचा. वर चार तुराट्या मोडून टाकायच्या, फुंकणीने दोन फुंका मारायच्या, की चूल पेटली. राखेतून निखाऱ्याला जगण्यापुरती हवा मिळायची, भडकण्यापुरती नाही. मागच्या हिवाळ्यात मी दोनशे लिटरच्या लोखंडी टिपाडाचा, म्हणजे पिंपाचा, स्मोकर (धुरावर मांस शिजवायची भट्टी) बनवला, आणि मांस धुरावताना आजीची ती राख सारखी आठवत राहिली. तिथेही कोळसा भरपूर द्यायचा असतो आणि हवा मोजून.

रचना अगदी साधी. तळापासून तीन इंच वर जाळीची टोपली ठेवायची, म्हणजे राख खाली पडते आणि वाट तुंबत नाही. टोपलीत तीन-चार किलो बाभळीचा कोळसा भरायचा. दोन फूट वर मांसाची जाळी. तळालगत तीन भोकं, प्रत्येकाला पाऊण इंची पाइपाचा तुकडा आणि व्हॉल्व्ह. झाकणाला धुरासाठी भोकं. मी पहिल्यांदा ठिबकच्या सामानातले उरलेले प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह बसवले होते. तासाभरात ते मऊ पडून वाकले, कारण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच नरम होतं. व्हॉल्व्ह पितळी किंवा लोखंडीच घ्यावेत.

टिपाड कशाचं होतं, याची मात्र पक्की खात्री करा. कीटकनाशकाचं किंवा कुठल्याही रसायनाचं टिपाड कितीही धुतलं, जाळलं, तरी अन्नाला वापरू नका. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. खाद्यतेलाचं टिपाड चांगलं. जस्ताचा मुलामा दिलेलं नको, तापल्यावर त्यातून निघणाऱ्या जस्ताच्या धुराने ताप भरतो.

आता हवेचा हिशोब. एक किलो कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो हवा लागते. ही हवा आकारमानाने जवळजवळ दहा हजार लिटर होते, म्हणजे किलोभर कोळशामागे पन्नास टिपाडं भरून हवा! टोपलीत चार किलो कोळसा आहे म्हणून आग मोठी होत नाही. आत जेवढी हवा येईल तेवढाच कोळसा जळतो, बाकीचा नुसता थांबून राहतो. म्हणून तापमान कोळशाने ठरत नाही, ते व्हॉल्व्हने ठरतं.

ही हवा आत ओढतं कोण? पंखा नाही, फुंकणी नाही. २७ अंशांची एक घनमीटर हवा साधारण १.१८ किलो भरते, तर १२० अंशांची ०.९० किलो. गरम हवा हलकी म्हणून वर चढून झाकणातून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. विटांच्या भट्टीच्या धुराड्याचं तत्त्व हेच. पण आपलं टिपाड जेमतेम तीन फुटांचं, त्यामुळे ही ओढ फार नाजूक असते. गणित केलं तर ती अडीच पास्कलच्या आत-बाहेर येते. पाव मिलिमीटर पाण्याच्या थराचा जेवढा दाब, तेवढीच.

हा आकडा कळल्यावर मला माझ्या बऱ्याच फसलेल्या दिवसांचा उलगडा झाला. ताशी सात किलोमीटरची झुळूक, जिने झाडाची पानं नुसती सळसळतात, तीही समोरच्या भोकावर साधारण तेवढाच दाब टाकते. म्हणजे वारा थेट व्हॉल्व्हच्या तोंडावर आला की टिपाडाची ओढ एकदम दुप्पट! मी व्हॉल्व्हला हात लावलेला नसायचा आणि तापमापकाचा काटा १२० अंशांवरून १६० वर गेलेला असायचा. आता मी वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावतो आणि तिकडचा व्हॉल्व्ह बंदच ठेवतो.

ऋतूचंही तसंच. हुरड्याच्या दिवसांत पहाटे १० अंश असताना बाहेरची हवा जड असते, मे महिन्यात ४५ अंशांत ती हलकी होते. आत १२० अंश धरले तर थंडीतली ओढ मे महिन्यातल्या ओढीच्या दीडपटीहून जास्त निघते. जानेवारीत व्हॉल्व्हवर खडूने केलेली खूण मे महिन्यात उपयोगी पडत नाही, ती यामुळे.

झाकणाची भोकं मी पूर्ण उघडी ठेवतो आणि आग फक्त खालून सांभाळतो. वरून कोंडलं तर धूर आत साचून मांसावर कडू डांबरासारखा थर बसतो. व्हॉल्व्ह फिरवल्याचा परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर धीर धरायचा. शंभरावर काटा आला की व्हॉल्व्ह आवळायला लागायचं, कारण चढलेली आग उतरवणं फार अवघड. मी सारखा झाकण उघडून पाहायचो, तेव्हा आई म्हणायची, "काहून उघडतं रे घडीघडी? असानं भात तरी शिजते का?" तिचं म्हणणं बरोबर होतं, फक्त कारण उलटं. भाताची वाफ बाहेर जाते, टिपाडात मात्र ताजी हवा आत घुसते आणि निखारे भडकतात.

धुराची चव येते ती कोळशावर ठेवलेल्या लाकडाच्या दोन-तीन ढलप्यांतून. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकॉलसारखी सुवासिक द्रव्यं तयार होतात. ओलं लाकूड असेल किंवा हवा कमी पडली तर ढलप्या नीट जळत नाहीत, पांढरा दाट धूर निघतो आणि मांस कडवट होतं. हवा पुरेशी असली की धूर विरळ आणि निळसर दिसतो. त्याचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असतात, म्हणून ते निळा रंग जास्त विखुरतात. आकाश निळं का, याचं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांनी १८७१ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण इथेही लागू पडतं. मी वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याची वाळलेली जाड फांदी वापरणं पसंत करतो. नुकत्याच फवारलेल्या बागेतली सल (वाळक्या फांद्या) आणि कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र कधीच नाही. कण्हेर तर विषारीच.

बोकडाचा फरा लावला की तिसऱ्या तासाला एक गंमत घडते. मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांदरम्यान अडकून बसतं. काटा हलत नाही, माणूस घाबरून व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं बिघडवतो. खरं तर तेव्हा मांस आपल्या उन्हाळ्यातल्या कूलरसारखं वागत असतं. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आणि बाहेरून येणारी उष्णता त्यातच खर्च होते. कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि पावसाळ्यात दमट हवेत हात टेकतो, तसंच मांस कोरडं झालं की बाष्पीभवन मंदावतं आणि काटा पुन्हा चढतो. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा. पण ही रखडपट्टी वाया जात नाही, याच तापमानाला मांसातलं चिवट कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होत असतं आणि फरा हाताने सुटतो.

एक गोष्ट जिवाची. टिपाड उघड्यावरच लावा. पाऊस आला म्हणून गोठ्यात किंवा बंद खोलीत नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

काम झालं की मी तिन्ही व्हॉल्व्ह आणि झाकणाची भोकं बंद करतो. आजीच्या राखेतून थोडी हवा झिरपत होती म्हणून तिचा निखारा सकाळपर्यंत जगायचा. टिपाडात काहीच येत नाही, म्हणून तो विझतो. सकाळी पत्रा गार लागला की झाकण काढायचं. टोपलीच्या कडेला किलोभर कोळसा तसाच उरलेला असतो. झटकून तो पोत्यात भरून ठेवतो, पुढच्या वेळी तोच आधी पेटतो.