पृथ्वीचं वेड आणि विरहिणीची धाकधूक

प्रेमकवितेतलं वेड आणि प्रेमकवितेतली धाकधूक या दोन्ही गोष्टी आपण ‘विरह’ म्हणून एकाच खणात कोंबतो. दोन्हीकडे कुणीतरी झुरत असतं, त्यामुळे गल्लत होणारच. वेगळं ओळखायचं तर एवढंच बघावं: झुरणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे का?

कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ (‘विशाखा’, १९४२) नाशिककरांना वेगळं सांगायला नको. शुक्र पहाटे दारात उभा, मंगळ लाजून लाल, ध्रुव तर निराश होऊन उत्तरेला संन्यास घेऊन बसलेला. पृथ्वीला यातलं कुणीच नको, तिला हवा सूर्य. सूर्य आपला होणार नाही आणि झालाच तर आपण उरणार नाही, हे ती जाणून आहे. तरी कक्षा सोडत नाही. हे वेड.

ज्ञानदेवांच्या ‘पैल तो गे काऊ कोकताहे’मधल्या विरहिणीला मात्र काहीच ठाऊक नाही, म्हणून ती कावळ्याच्या मागे लागते. तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी देईन, दुधाची वाटी ओठाला लावीन. (नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक अशीच एकेक कबुली देत सुटतात. शकुन वेगळा, अजिजी तीच.) यातली बारीक गंमत तिच्या प्रश्नात आहे. आधी ती विचारते, पंढरीराव घरी ‘कैं येती’, म्हणजे कधी येणार. दोन कडव्यांनी तोच प्रश्न ‘विठो येईल कायी’ असा होतो. कधी येणार, यावरून येणार तरी का, इथवर ती घसरते, आणि तेही लाच वाढवत वाढवत. एवढ्या थोडक्यात संशय असा वाढताना मी फार कमी ठिकाणी वाचला आहे.

कॉलेज रोडवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोरांनाही हा फरक कळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिक्स येऊनही, म्हणजे समोरच्याने वाचूनही, उत्तर नाही, तरी रोज मेसेज टाकणारा पृथ्वीच्या जातीचा. मेसेज पोचलाच नाही म्हणून एकाच टिककडे बघत बसलेला कावळ्याला विचारणारा.

अर्थात एकाच माणसात दोन्ही नांदू शकतात, सकाळी एक आणि रात्री दुसरं. कवितेत मात्र शेवट वेगळे होतात. ज्ञानदेव अखेरीस शकुन चांगला असल्याचं सांगतात, भेट होईल म्हणतात. पृथ्वीला असा दिलासा कुसुमाग्रज देत नाहीत. सूर्याच्या पायाची धूळ होण्यातच ती भूषण मानते.