होल्स्टीन आणि अँगस: दुधाची गाय, मांसाची गाय

आपल्याकडच्या गोठ्यातल्या ‘एचएफ’ गाई म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन आणि तिचे संकर. ही मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीतली जात. खुब्याची हाडं वर आलेली, मांड्या सपाट, कास मात्र भरगच्च. स्कॉटलंडच्या अँगसशेजारी ती उभी राहिली, तर मालकाने तिला उपाशी ठेवलंय असं कुणालाही वाटेल. अँगस आखूड पायांची, पाठीत आणि मांड्यांत भरलेली, जवळपास चौकोनी.

दोघींपुढे सारखाच खुराक टाकला तरी हा फरक जात नाही. प्रश्न किती खाल्लं याचा नाही, खाल्लेलं कुठे गेलं याचा आहे. दुधातली साखर बनायला ग्लुकोज लागतं, लिटरमागे साधारण 70 ग्रॅम. 30 लिटर देणाऱ्या गाईला एवढ्यासाठीच रोज दोन किलोच्या वर ग्लुकोज हवं. चाऱ्यातून ते थेट फारसं मिळत नाही. पोटात चारा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांतून यकृत ते घडवतं. आता खरी गंमत अशी, की स्नायूला आणि चरबीला ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिन लागतं, कासेला लागत नाही. व्याल्यानंतर जास्त दुधाच्या गाईचं इन्सुलिन खाली असतं आणि वाढीचं संप्रेरक वर. म्हणजे स्नायूंचं दार अर्धं बंद, कासेचं सताड उघडं. तेवढ्यानेही भागलं नाही तर साठवलेली चरबी वितळते, आणि काही प्रमाणात स्नायूंतली प्रथिनंही मोडली जातात. म्हणून भर दुधातली गाय थोडी उतरणारच. फार झपाट्याने उतरली तर मात्र कीटोसिसची, म्हणजे चरबी फार वेगाने वितळल्याने होणाऱ्या आजाराची, शंका घ्यावी.

अँगसचं काम वासरापुरतं. रोज आठ-दहा लिटर दूध पुरे. बाकीचं अंगी लागतं.

इथून लोक पुढची उडी मारतात: होल्स्टीनला स्नायू कमी, म्हणजे मांसही हलकं. हे मला पटत नाही. स्नायू किती आहे ही एक गोष्ट, मांस कसं आहे ही दुसरी. बेल्जियन ब्लू जातीत मायोस्टॅटिन हे स्नायूंना लगाम घालणारं जनुक निकामी असतं, त्यामुळे जनावर फुगीर दिसतं. मांस मऊ असतं, पण स्नायूंच्या आत पसरलेली चरबीची जाळी, जिच्यामुळे रस आणि चव येते, ती फारच कमी. ही जाळी होल्स्टीनच्या खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांत चांगली धरते. अमेरिकेत त्यांना भाव कमी मिळतो तो मुख्यतः हाडाच्या मानाने मांस कमी निघतं म्हणून. जपानमध्ये तर वाग्यू ही तिथली मांसाची जात आणि होल्स्टीन यांचा संकर खास मांसासाठीच वाढवतात.

बदनामी झाली ती म्हाताऱ्या गाईंमुळे. चार-पाच वेतं झालेल्या गाईच्या स्नायूंतलं कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, घट्ट बांधलं जातं, शिजवून लवकर सुटत नाही. म्हणून अमेरिकेत अशा गाईंच्या मांसाचा बहुतांश खिमा होतो. हा दोष वयाचा आहे, दुधाचा नव्हे.

युरोप-अमेरिकेत आता चांगल्या दुधाळ गाईंना लिंगनिश्चित वीर्य वापरून कालवडी घेतात आणि उरलेल्या गाईंना अँगसचं वीर्य भरतात, म्हणजे त्यांची वासरं मांसाला कामी येतात. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्यामुळे हा दुसरा हिशेब इथे लागूच होत नाही. आपल्याकडे भरदार अंग जोपासलं गेलं ते औतासाठी. खिलार त्याचं ठळक उदाहरण: बैल दणकट, गाईला दूध बेताचं.

तरीही बाजारात गुबगुबीत, तुकतुकीत गाय बघून हात पुढे होतोच. तिला निदान धार काढून बघावी. धारेनंतर कास सैल पडून सुरकुतली तर ती दुधाने भरलेली होती. तेवढीच टणक आणि मोठी राहिली तर ती मांसल कास; आकारावर जाऊन पैसे मोजू नयेत.