बाल्कनीचा सरकता दरवाजा : वाजवी किंमत कशी काढायची

पुण्यात बाल्कनीचा किंवा टेरेसचा सरकता दरवाजा चौरस फुटाच्या भावाने विकला जातो. तुम्ही तीन ठिकाणी भाव विचारता, तीन वेगळे आकडे येतात आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा साहजिकच स्वस्त वाटतो. आमचं सांगणं एवढंच आहे की त्या भावात काय धरलंय आणि काय सोडलंय हे लिहून घेतल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका. आम्हालाही नाही; असे दरवाजे आम्हीही बनवून बसवतो.

हिशोब करून बघू. यातले भाव फक्त उदाहरणापुरते धरले आहेत. गाळा (भिंतीतली दरवाजाची मोकळी जागा) ८ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे ५६ चौरस फूट. एकाने ४५० रुपये भाव सांगितला, दुसऱ्याने ६२०. पहिल्याचे २५,२०० होतात, दुसऱ्याचे ३४,७२०. पण पहिल्याच्या भावात मच्छरजाळीचा पल्ला नाही (२८ चौरस फूट, ११० रुपयांनी ३,०८०), काच साधी आहे (टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेसाठी फुटाला ७० रुपये जादा, म्हणजे ३,९२०) आणि जुना दरवाजा काढून नवा बसवायचे २,५०० वेगळे. बेरीज ३४,७००. दुसऱ्याने हे सगळं आधीच धरलं होतं. दोघांवर १८ टक्के जीएसटी लावला की पहिला ४०,९४६ वर जातो आणि दुसरा ४०,९७० वर. साडेनऊ हजारांचा फरक चोवीस रुपयांवर आला.

आता मूळ माल. अॅल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे चौकटीची पोकळ पट्टी, आम्हाला किलोवर मिळतो, म्हणून फॅब्रिकेटरला (दरवाजा बनवणाऱ्याला) विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: या दरवाजात किती किलो अॅल्युमिनियम जाणार, आणि सेक्शनची जाडी किती? बाहेरून १.२ मिलिमीटरचा आणि २ मिलिमीटरचा सेक्शन अगदी सारखाच दिसतो, पावडर कोटिंगनंतर तर ओळखूच येत नाही. पण वजन दीडपटीहून जास्त होतं आणि खर्चही त्याच मापाने वाढतो. एखाद्याचा भाव फारच खाली असेल तर बहुतेक वेळा तो इथेच खाली आलेला असतो. तुकडा मागा, काठावर कॅलिपर लावून जाडी बघा. चांगला फॅब्रिकेटर स्वतःच काढून दाखवेल.

ही जाडी सगळ्यात जास्त लागते ती मधल्या उभ्या पट्टीला, जिथे दोन पल्ले एकमेकांत अडकतात. तिला इंटरलॉक म्हणतात आणि वाऱ्याचा दाब तीच झेलते. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, आणि हा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा आकडा आहे. वर जाल तसा तो वाढतो. दुसऱ्या मजल्यावर, समोर दुसरी इमारत असेल तर मध्यम सेक्शन पुरतो. बाणेर-बावधनकडे पंधराव्या मजल्यावर पश्चिमेला उघडणारा दरवाजा असेल, तर तिथे इंटरलॉकवर पैसे वाचवू नका असं आम्ही आग्रहाने सांगतो.

काचेचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. वरच्या गाळ्यात एका पल्ल्याची काच साधारण २.४ चौरस मीटर, म्हणजे ५ मिलिमीटरची ३० किलो आणि ८ मिलिमीटरची ४८ किलो. त्यावर चौकटीचं वजन. हे सगळं खालच्या रोलरवर, म्हणजे चाकांवर, येतं. म्हणून जाड काच घेतली आणि रोलर हलकेच ठेवले, तर दरवाजा वर्षा-दोन वर्षांत जड चालायला लागतो. कोटेशनमध्ये रोलर किती किलोचे ते लिहिलेलं हवं. टफन काच मात्र जमिनीपर्यंतच्या दरवाजाला घ्याच, विशेषतः घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर. ती फुटली तरी बोथट बारीक तुकडे होतात, सुऱ्यांसारखी लांब पाती होत नाहीत. कोपऱ्यावर शिक्का असतो, तो तपासा. टफन झाल्यावर ती कापता येत नाही, त्यामुळे मापात दोन सूत चुकलं तरी काच वाया जाते.

माप घेताना रुंदी वर, मध्ये, खाली आणि उंचीही तीन ठिकाणी घ्यायची, शिवाय दोन्ही कर्ण. जुन्या इमारतींत गाळा क्वचितच काटकोनात सापडतो. बिलातलं माप हा वेगळा विषय आहे. गाळा ७ फूट ८ इंच बाय ६ फूट १० इंच असेल तर खरे ५२.४ चौरस फूट होतात, पण वर धरून ५६ लावले जातात. ६२० च्या भावाने हा फरक सव्वादोन हजारांच्या आसपास येतो. काच आणि सेक्शन कापताना तुकडे वाया जातात, म्हणून वर धरणं ही काही लबाडी नाही. ते आधी सांगायला मात्र हवं.

अॅल्युमिनियमऐवजी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) घ्यायचं असेल तर आतल्या लोखंडी पट्टीची जाडी विचारा. ताकद तिथून येते.

पावसासाठी खालचा ट्रॅक बघा. पाणी बाहेर जाण्याची भोकं हवीत आणि ट्रॅकची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच हवी. भिंत आणि चौकटीतल्या फटीत बाहेरून वेदर सिलिकॉन (ऊन-पाऊस सोसणारं रबरासारखं भरण) भरायचं, नुसतं पांढरं सिमेंट नाही. हे काम दोन-तीनशे रुपयांसाठी टाळलं जातं आणि जूनमध्ये लाकडी फ्लोअरिंग फुगतं.

जुना दरवाजा अॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या भंगाराला किलोवर पैसे येतात. ते तुमचे आहेत. कोटेशनमध्ये वजा दाखवायला सांगा, किंवा चौकट स्वतःकडे ठेवून घ्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर चढवण्याचा खर्चही विचारा, कारण बहुतेक लिफ्टमध्ये सात फुटी पल्ला उभा मावत नाही आणि तो माणसांना जिन्याने न्यावा लागतो.

आणि हे सगळं करण्याआधी जुना दरवाजा नीट तपासा. तो जड चालतोय, वाजतोय, फटीतून वारा येतोय एवढीच तक्रार असेल, तर बरेचदा रोलर, कडेचा ब्रश आणि लॉक बदलून तो सरळ होतो. ट्रॅक घासून खोल झाला असेल, चौकट खालून गंजलेली किंवा उखडलेली असेल, काच साधी असेल, तरच बदलायचा विचार करा. दुरुस्तीने भागत असेल तर आम्ही तेच सांगू. काम लहान असलं तरी करतो.

कुठे वाचवायचं? रंगात. लाकडी छटेचं कोटिंग, रंगीत काच, नक्षीचं हँडल या वस्तू हौसेच्या आहेत, त्यांच्याशिवाय दरवाजाचं काही बिघडत नाही. सेक्शन, रोलर आणि सिलिकॉन यांत काटकसर करू नका.

निम्मी रक्कम आगाऊ मागणं रास्त आहे, कारण तुमच्या मापाची काच दुसऱ्या कुठे वापरता येत नाही. उरलेली मात्र पाणी मारून बघितल्यावरच द्या: बाहेरून पाइपने दहा मिनिटं दरवाजावर पाणी सोडायचं, आत कोरडं राहिलं पाहिजे. पल्ला एका हाताने सरकला पाहिजे आणि लॉक न ढकलता बसलं पाहिजे.

आम्ही माप घ्यायला येण्याआधी सोसायटीच्या ऑफिसमधून बाहेरच्या चौकटीच्या रंगाचा नियम विचारून ठेवा, आणि इतरांची कोटेशनं असतील तर ती काढून ठेवा. आमच्या कागदाशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघू.