आमदारांचा हिवाळी अहवाल: तेच पाच मुद्दे दरवर्षी का येतात

डिसेंबर संपत आला की सोलापुरात मोबाईलवर दोन गोष्टी फिरायला लागतात, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तयारीचे फोटो आणि आमदारांचा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा हिशोब. किती तारांकित प्रश्न लावले, लक्षवेधी कशावर लागली, पुरवणी मागण्यांत मतदारसंघाला काय आलं, आणि सोबत विधानभवनाच्या पायऱ्यांवरचा एक फोटो. आमदार शहर उत्तरचा असो, मध्यचा असो नाहीतर दक्षिणचा, आणि पक्ष कुठलाही असो, मुद्दे तेच की! पाणी, कामगारांची घरं, सिव्हिल म्हणजे सरकारी दवाखाना, विमान, ड्रेनेज. हे असं का होतंय ते समजायचं तर थोडं मागं जावं लागतंय.

आधी नागपूरचं बघू. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, विदर्भातली मंडळी एका मराठी राज्यात यायला तयार व्हावीत म्हणून त्यात जी आश्वासनं दिली त्यातलं एक म्हणजे वर्षातनं विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपूरला. १९६० ला राज्य झालं तेव्हापासून हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी तिकडंच भरतंय, मधे कोरोनामुळं २०२० आणि २०२१ ला मुंबईतच उरकलं. करारच विदर्भासाठी असल्यानं तिथं विदर्भाच्या प्रश्नांना जास्त वेळ मिळावा ही अपेक्षा असते, ते रास्तच आहे, पण मग एवढ्या लांब जाऊन आपल्या आमदाराला जो वेळ मिळतो तो थोडाच, त्यात अधिवेशनही आता एक-दोन आठवड्यांत आटपतंय. म्हणून अहवालात प्रश्न "मांडला" जास्त आणि "सुटला" कमी दिसतो.

आता पाणी. हा मुद्दा हिवाळ्यातच का वर येतो याचं खरं कारण नागपूरपेक्षा जवळ आहे. पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री आणि जिल्ह्यातले आमदार तिथं बसतात, उजनी धरणातलं पाणी रब्बीला किती, आवर्तनं (कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या) किती आणि कधी, नदीतून कधी सोडायचं ते तिथं ठरतं. ऊसवाले आमदार एका बाजूला, शहरवाले दुसऱ्या बाजूला, आणि भांडण जुनंच.

उजनी पूर्ण झालं १९८० ला, भीमेवर, माढा तालुक्यात. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, तळाचं पाणी जे एरवी हिशोबात धरत नाहीत, म्हणजे आपण "उजनी शंभर टक्के" म्हणतो ते वरच्या ५३-५४ टीएमसीचं गणित असतं. म्हणूनच उजनी "मायनस"मध्ये जाऊ शकतं आणि तरी तळ दिसत नाही, २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. पातळी अशी खाली गेली की शहराच्या पाइपलाइनला थेट पाणी उचलता येत नाही, मग दुबार पंपिंग, तिबार पंपिंग, आणि त्याचा खर्च.

शहराला पाणी तीन वाटांनी येतंय. सगळ्यात जुनी वाट एकरुख, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, इंग्रजांनी १८७१ च्या सुमारास पुरा केलेला. रेल्वे १८६० ला आली, १८७७ ला जुनी मिल सुरू झाली, मागोमाग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, गाव फुगत गेलं आणि तलाव तेवढाच राहिला. दुसरी वाट उजनीची थेट पाइपलाइन. आणि तिसरी टाकळी, तिथं भीमेतून पाणी उचलतात. माझ्या मते सगळा घोळ या तिसऱ्या वाटेत आहे. टाकळीच्या औज बंधाऱ्यात पाणी यावं म्हणून धरणातून नदीत पाणी सोडावं लागतं, एका वेळी पाच-सहा टीएमसी, ते शंभर किलोमीटरच्या वर वाहत येतं, वाटेत जिरतं, उडतं, दोन्ही काठांच्या मोटारी चालू असतात (त्यांना तरी नावं का ठेवा, दारातून पाणी चाललंय आणि पीक वाळतंय म्हटल्यावर कोण गप्प बसेल) आणि शेवटी शहराच्या हातात थोडंच पडतं.

समांतर जलवाहिनीचं, म्हणजे उजनीच्या जुन्या पाइपलाइनच्या जोडीला दुसरीचं, नाव प्रत्येक अहवालात दिसतं ते यामुळं. उजनी ते सोरेगाव ११० किलोमीटर, १७० एमएलडी, म्हणजे रोज सतरा कोटी लिटर. गुणाकार करून बघा, १७० एमएलडी वर्षभर आणलं तर सव्वादोन टीएमसीसुद्धा होत नाही. म्हणजे नदीत एकदा सोडायला जेवढं लागतं त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात वर्षभराची १७० एमएलडी भागते. हे एवढं सोपं गणित असून इतकी वर्षं का गेली? सोलापूर जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्यातून पैसे आले, फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पानं अडीचशे कोटी द्यायचं ठरलं, मग क्षमता किती धरायची यावर वाद, कंत्राटदार बदलला, वाटेतल्या जमिनीचा मोबदला, आणि या प्रत्येक टप्प्यावर कुठला ना कुठला आमदार "पाठपुरावा" करत होता. पाठपुरावा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण पाण्याची तूट धरणात नव्हती, मधल्या ११० किलोमीटरमध्ये होती, आणि भाषणं मात्र सगळी धरणावर झाली.

घरांचा मुद्दा गिरण्यांच्या मागनं येतो. गिरण्या एकेक करत बंद पडल्या, पुरुष यंत्रमागावर गेले, चादर-टॉवेलवर, आणि बायका विड्या वळत राहिल्या, पूर्व भागात घरोघरी, बहुतेक तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं. यांच्या घरांसाठी माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी कुंभारीला आधी विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली, दहा हजार घरं, नंतर रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, माणसानं आणलेली योजना आणि उद्घाटनाला मोदी, हे सोलापूरच करू जाणे! आता तिथलं पाणी, बस, शाळा हे नवे मुद्दे अहवालात यायलेत.

विमानाचं थोडक्यात. होटगी रोडचं विमानतळ, विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी, १५ जून २०२३ ला ती पाडली, २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन, २०२५ मध्ये आधी गोव्याचं विमान मग मुंबईचं. श्रेय घेणारे आमदार मोजायला गेलात तर विमानातल्या सीटा कमी पडतील. सिव्हिलचं दुखणं वेगळंय, तिथं धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडचे पेशंट येतात आणि शहराच्या लोकसंख्येवर केलेला हिशोब कधीच पुरत नाही.

राहिलं ड्रेनेज, गटार, दिवाबत्ती. खरं तर ही कामं महापालिकेची, आमदाराची नव्हेतच. पण आमदार निधी १९८४-८५ पासून आहे, आता वर्षाला पाच कोटी, आणि आमदार फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकारी कार्यालयाकडनं येतो, तरी बोर्डावर नाव आमदाराचंच लागतं म्हणून लोकही तिकडंच जातात. त्यात मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला, नगरसेवकच नाहीत तर तुंबलेलं चेंबर सांगायचं कुणाला? जवळपास चार वर्षं हे सगळं आमदारांच्या ऑफिसात जमा होत गेलं, अहवालही त्यामुळंच जाडजूड झाले. निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला, ऐन गड्ड्यात. नगरसेवक परत आलेत, तेव्हा पुढच्या डिसेंबरच्या अहवालात गटारीचं पान राहतंय का जातंय ते बघायचं, आणि पाण्याच्या पानावर "एमएलडी" शोधायच्या आधी आपल्या नळाला किती दिवसाआड यायलंय तो आकडा दिलाय का ते बघायचं.