मोटरहोममधील सौर वीज

राहण्याजोग्या केलेल्या मोटारीच्या टपावर सौर पॅनेल बसवून, त्यांची वीज बॅटरीत साठवून, वीजजोडणी नसलेल्या जागी मुक्काम करण्याची व्यवस्था. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज, फोन-लॅपटॉपचे चार्जिंग एवढा भार त्यावर सहसा चालतो. ठाणे-नवी मुंबईत अशा गाडीला कुणी मोटरहोम, कुणी कॅम्परव्हॅन म्हणते. सरकारी भाषेत ‘कॅराव्हॅन’ रुळला आहे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे. हा शब्द मूळचा फार्सी ‘कारवान’ म्हणजे काफिला. तो इंग्रजीच्या वाटेने फिरून मराठीत आला आणि वाटेत उंट गळाले.

उगम : या व्यवस्थेची सुरुवात कुठून मोजायची याबद्दल एकमत नाही. काही संकलक एदमों बेकेरेल यांच्या १८३९ मधील निरीक्षणापर्यंत मागे जातात. पण तो प्रयोग द्रावणात बुडवलेल्या पत्र्यांचा होता. घन पदार्थात प्रकाशापासून वीज मिळते हे ॲडम्स व डे यांनी १८७६ मध्ये सेलेनियमवर दाखवले आणि फ्रिट्स यांनी १८८३ च्या सुमारास सेलेनियमचे सेल बनवले. त्यांची कार्यक्षमता जेमतेम एक टक्का होती. सिलिकॉनमधील संधीवर (दोन वेगळ्या गुणांचे थर जुळतात त्या जागेवर) प्रकाशाचा परिणाम होतो हे रसेल ओल यांच्या लक्षात आले १९४० मध्ये, म्हणून एक मत त्यांना अग्रमान देते. मात्र हाताळण्याजोगे उपकरण झाले ते बेल प्रयोगशाळेत, १९५४ मध्ये. चॅपिन, फुलर व पिअर्सन यांचा तो सेल सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा होता. गाड्यांच्या दृष्टीने हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. त्यातही टपावर परवडण्याजोगी किंमत येण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. तेव्हाही पहिली गिऱ्हाइके समुद्रातील बोये (तरंगत्या खुणा) आणि तेलविहिरींचे मंच ही होती. बॅटरीचा इतिहास याहून सरळ आहे : प्लान्ते यांची शिसे-आम्ल बॅटरी १८५९ ची.

रचना : पॅनेल, बॅटरीत जाणारी वीज आवरणारा चार्ज कंट्रोलर, बॅटरी, फ्यूज आणि २३० व्होल्टची उपकरणे असल्यास इन्व्हर्टर. ३६ सेलचे पॅनेल भर उन्हात सुमारे १८ व्होल्ट देते, १२ व्होल्टच्या बॅटरीला ते पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे १,२८० वॉट-तास. तेवढ्याच आकड्याच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मेच काढावे, नाहीतर ती लवकर बसते. १,००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून अधिक ओढतो, त्यामुळे जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. ढोबळ हिशेबात ३०० वॉटची पॅनेले कोरड्या ऋतूत दिवसाला सुमारे ९०० वॉट-तास देतात. २८ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा रात्रभर, चार दिवे आणि छोटा कंप्रेसर फ्रिज त्यात बसतात. एसी बसत नाही. विक्रेते काहीही म्हणोत.

सावली : या व्यवस्थेतील खरी अडचण हीच. पॅनेलमधील सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांत दुबळा सेल साऱ्यांचा प्रवाह अडवतो. यावर उपाय म्हणून १८-१८ सेलच्या गटांना बायपास डायोड असतात; ते अडलेल्या गटाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. पण एक सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाकला की त्याचा सारा गट, म्हणजे अर्धे पॅनेल, वगळला जाऊन उरतात सुमारे नऊ व्होल्ट, आणि त्यावर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही. म्हणजे ३६ पैकी एका सेलवर पडलेले पिंपळाचे पान-दोन पाने पॅनेलला जवळजवळ निकामी करू शकतात. टपावरचा कॅरियर, व्हेंटचे झाकण, अँटेना यांच्या सावल्याही तशाच नडतात. दोन पॅनेले मालिकेत जोडावीत की समांतर, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. मालिकेत व्होल्टेज दुप्पट होते, केबल बारीक चालते, आणि एमपीपीटी (जादा व्होल्टेज बॅटरीला जुळवून घेणारा) कंट्रोलर असल्यास अर्धे पॅनेल वगळले तरी चार्जिंग टिकते. समांतर जोडणीत एकावर सावली आली तरी दुसरे आपले काम करत राहते. आंबा-जांभळाखाली गाडी लावण्याची इथली सवय पाहता समांतर जोडणी बरी वाटते. गाडीला सावली हवी आणि पॅनेलला ऊन, या पेचावर काही जण लांब वायरचे सुटे पॅनेल उन्हात मांडतात.

स्थानिक हवामान : ठाणे १९ अंशांच्या थोडे वर उत्तरेस आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण जुलैचा हा ‘शून्य सावली दिवस’ बहुधा ढगांत जातो. टपावर आडवी ठेवलेली पॅनेले उन्हाळ्यात जवळजवळ आदर्श असतात. डिसेंबरात भर दुपारी सूर्य सुमारे ४७ अंशांवर असतो; तेव्हा आडव्या पॅनेलवर थेट ऊन सूर्याकडे सरळ रोखलेल्या पॅनेलच्या सुमारे पाऊणपट पडते. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असूनही तापलेला टप आड येतो : सेल ६५ अंश सेल्सिअसला पोचला की उत्पादन सुमारे १४ ते १६ टक्के घटते. म्हणून पॅनेल टपापासून चार बोटे वर ठेवून खालून वारा खेळू देतात. टपाला चिकटवलेल्या लवचिक पॅनेलांना ही सोय नसते. मुंबई परिसरात पाऊस साधारणतः ११ जूनला धरतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. झडीच्या दिवसांत, विशेषतः माळशेज घाटाच्या धुक्यात, दिवसभराची कमाई पंख्यालाही पुरत नाही. तेव्हा चालत्या इंजिनावर डीसी-डीसी चार्जरने (गाडीच्या विजेचे व्होल्टेज बॅटरीजोगे करणाऱ्या उपकरणाने) बॅटरी भरणे हाच व्यवहार्य मार्ग. बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) गाड्यांच्या अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावरील जनित्राचे, व्होल्टेज बरेचदा बदलते असते, त्यामुळे त्यापासून बॅटरीला थेट वायर ओढणे टाळावे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याजवळ उभ्या गाडीच्या पॅनेलवर आठवड्याभरात काळसर चिकट थर बसतो. बोट फिरवले की रेघ उमटते. खाडीच्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, स्टेनलेसचे वापरावेत.

नियम व जागा : मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे मानक आहे. नोंदणीपत्रातील तपशील बदलणारे फेरबदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतात. म्हणून वजन-उंचीत फरक पडत असल्यास आधी आरटीओत विचारणे श्रेयस्कर. एमएच-०४ (ठाणे) व एमएच-४३ (नवी मुंबई) दोन्हींना हे सारखेच लागू. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तेथे रात्रीचा मुक्काम गृहीत धरू नये. मुक्कामाआधीची तयारी मात्र सोसायटीतच अडते. पोडियमखाली (इमारतीच्या छताखालील पार्किंगमध्ये) आठवडाभर उभ्या गाडीच्या पॅनेलला ऊन दिसत नाही, फ्रिज चालू राहिल्यास बॅटरी उतरते, आणि शुक्रवारी रात्री वॉचमनच्या केबिनपासून एक्स्टेन्शन ओढावे लागते.